लुडोमधून ‘भिडू’ कुणी काढला? पटावरचा खेळ मोबाईलमध्ये गेला की नियम का बदलतात

घरात लुडो खेळताना भांडण झालं नाही, असं कधी झालंय का?

‘तीन वेळा सहा पडले, डाव बाद.’ ‘आमच्याकडे असलं काही नसतं.’ ‘सोंगटी मारल्याशिवाय घरात जाता येत नाही.’ ‘हे आत्ता का सांगतोस?’ पाच मिनिटांचा वाद होतो, आजी किंवा मोठी आत्या निकाल देते आणि खेळ पुढे सरकतो. मोबाईलवरच्या लुडोत मात्र हा वाद होतच नाही. तिथे सगळे शहाणे होतात म्हणून नाही, तर वाद घालायला समोर कुणी नसतं म्हणून. तीन सहा पडले की ॲप स्वतःच पाळी पुढच्याला देऊन टाकतं.

ही गोष्ट फक्त लुडोची नाही. बुद्धिबळ, रमी, सारीपाट, अगदी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारखा कल्पनेच्या जोरावर खेळला जाणारा अमेरिकन खेळ, यातला कोणताही खेळ पटावरून स्क्रीनवर गेला की त्याचे नियम जसेच्या तसे राहत नाहीत. काही गळतात, काही नव्याने शिरतात, काही इतके हळू बदलतात की आपल्याला कळतही नाही. हे का होतं आणि त्यातून कुणाचं काय जातं, ते समजून घेऊ. सुरुवात आपल्याच धाराशिव जिल्ह्यातून करू.

देवीसुद्धा सारीपाट खेळायची

तुळजापूरला दर्शनाला गेलात तर मंदिराच्या मागच्या बाजूला भारतीबुवांचा मठ आहे. या मठाचे मूळ पुरुष रणछोड भारती. त्यांच्याबरोबर सारीपाट खेळायला साक्षात तुळजाभवानी यायची, अशी आख्यायिका आहे. वेरूळच्या लेण्यांमध्येही शिव आणि पार्वती सारीपाट खेळत बसल्याची शिल्पं कोरलेली आहेत. म्हणजे मराठवाड्यात हा खेळ देवादिकांच्या घरातला. आणि देवांच्या घरातही तो दोघांनी समोरासमोर बसूनच खेळायचा.

हा पट म्हणजे कापडाचं अधिक चिन्ह. चार बाजू, प्रत्येक बाजूत तीन रांगा आणि एका रांगेत आठ घरं. एकूण घरं ९६, शिवाय मधला चौक. फाशांनी खेळलात तर सारीपाट किंवा चौसर, कवड्यांनी खेळलात तर पचिशी. सारीपाटाचे फासे लांबट असायचे आणि त्यावर १, २, ५ आणि ६ एवढेच आकडे. तीन फाशांवर सहा, सहा आणि एक पडलं की झालं ‘पौ बारा’. ‘पोबारा करणे’ हा आपला वाक्प्रचार याच दानावरून आल्याचं सांगतात. ‘पगडा बसणे’ हाही याच पटावरचा. मराठी माणूस आज फासे टाकत नसला तरी बोलताना अजून तोच खेळ खेळत असतो.

कवड्यांची गंमत आणखी वेगळी. सहा कवड्या टाकायच्या आणि तोंड वर करून किती पडल्या ते मोजायचं. दोन पडल्या तर २, तीन पडल्या तर ३, असं सहापर्यंत. पण एकच पडली तर १० आणि एकही नाही पडली तर २५! खेळाचं नावच त्या पंचवीसवरून पडलं. शिवाय ६, १० किंवा २५ पडले की पुन्हा टाकायची संधी.

आता महत्त्वाचा नियम. हा खेळ चौघांचा, पण चार वेगवेगळ्या खेळाडूंचा नाही. समोरासमोर बसलेले दोघं एका बाजूचे. पिवळा आणि काळा एकीकडे, लाल आणि हिरवा दुसरीकडे. ‘भिडू’ हा शब्द आज आपण कुणालाही वापरतो, पण मुळात तो खेळातल्या जोडीदाराचा शब्द आहे. पचिशीत तुमच्या चारही सोंगट्या घरी गेल्या तरी तुम्ही जिंकलेले नसता. भिडूच्या पण जाव्या लागतात. म्हणून मुरलेला खेळाडू आपली सोंगटी मुद्दाम मागे ठेवायचा, भिडूच्या मागावर असलेल्या शत्रूची वाट अडवायचा. दान पडलं तरी ‘मी चालत नाही’ म्हणायची मुभा होती. म्हणजे खेळ नशिबाचा असला तरी डोकं लावायला भरपूर जागा होती.

इंग्रज आले आणि भिडू गेला

१८९६ मध्ये इंग्लंडमध्ये या खेळाची सुटसुटीत आवृत्ती पेटंट झाली. नाव ठेवलं ‘लुडो’. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘मी खेळतो’. बघा, नावातच ‘मी’ आलाय.

त्यांनी काय काय बदललं? कवड्या आणि लांबट फासे गेले, सहा बाजूंचा चौकोनी फासा आणि तो हलवायला डबी आली. मधल्या चौकापासून निघून, पूर्ण फेरी मारून परत यायला पचिशीत सोंगटीला ८४ पावलं चालावी लागतात. लुडोत बाहेर पडलेल्या सोंगटीला घरी जायला ५६ पुरतात. पचिशीत फुली असलेल्या घरांवर सोंगटीला कुणी मारू शकत नाही. मूळ इंग्रजी लुडोत वाटेवर असं सुरक्षित घरच नव्हतं. चाल शक्य असेल तर ती करावीच लागायची. आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे जोड्या गेल्या. चौघं चार दिशांना, प्रत्येक जण स्वतःपुरता.

गोऱ्या साहेबाने कट करून आपला खेळ बिघडवला, असं काही यात नाही. त्याला दिवाणखान्यात लहान मुलांसाठी, खोक्यात घालून विकता येईल असा खेळ हवा होता. जो खेळ शिकवायला आजी सोबत येत नाही, त्याचे नियम डब्याच्या झाकणावर मावले पाहिजेत. त्यामुळे जे समजावून सांगायला अवघड ते सगळं गेलं. हे सूत्र लक्षात ठेवा, पुढे कॉम्प्युटरच्या वेळी पुन्हा लागेल.

गंमत म्हणजे लुडो भारतात परत आला तेव्हा आपण तो पुन्हा दुरुस्त केला. सुरक्षित घरं परत आली, फुलीच्या जागी चांदणी. ‘सोंगटी मारल्याशिवाय घरात प्रवेश नाही’ हा नियम अनेक घरांत लुडोला चिकटला. तो नियम इंग्रजांचा नाही, तो आपल्या अष्टचंगातला. कुणाकडे अष्टचंग, कुणाकडे चल्लस-आठ. शहाबादी फरशीवर खडूने पाच बाय पाच घरं आखायची, कवड्या नसतील तर चिंचोके मधोमध फोडून घ्यायचे. आतल्या घरांत शिरायचं असेल तर आधी समोरच्याची एक तरी सोंगटी मारलेली हवी. आपल्याकडच्या लोकांनी इंग्रजी पुठ्ठ्यावर हा गावठी नियम बसवला, कुणाला विचारलं नाही, कुठे छापला नाही.

मग आला मोबाईल

‘लुडो किंग’ हे ॲप आपल्या महाराष्ट्रातलं, नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीचं. विकाश जयस्वाल यांच्या या कंपनीने ते २०१६ मध्ये आणलं आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ते घराघरात पोचलं. पुण्यात अडकलेला मुलगा, कळंबला आई-बाबा आणि उमरग्याला मामा एकाच पटावर आले. लॉकडाऊनमधल्या फार थोड्या गोष्टींबद्दल लोक आज प्रेमाने बोलतात, त्यातली ही एक.

ॲपने चांदणीची घरं धरून आठ सुरक्षित जागा पक्क्या केल्या. सोंगटी मारली की जादा पाळी, सोंगटी घरी गेली की जादा पाळी, तीन सहा पडले की पाळी रद्द. यातला एकही नियम त्यांनी हवेतून काढलेला नाही, कुठल्या ना कुठल्या घरात तो होताच. पण आधी तो ‘आमच्याकडचा’ नियम होता, आता तो ‘लुडोचा’ नियम झाला. आज दहा वर्षांच्या मुलाबरोबर पुठ्ठ्याचा लुडो खेळायला बसा आणि सांगा की मारल्यावर जादा पाळी मिळत नाही. तो तुम्हालाच नियम शिकवेल. माझ्या भाचीने मला शिकवलाय.

शिवाय घड्याळ आलं. पटावर मामा विचार करत असतील तर आपण शेंगदाणे खातो. ऑनलाइन अनोळखी माणूस पंधरा सेकंद थांबायला तयार नसतो. त्यामुळे पाळीला वेळेचं बंधन आलं, वेळ संपली की पाळी गेली. झटपट संपणारा लुडो आला.

इथे जरा गणित करू. लुडोत सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर येत नाही. प्रत्येक वेळी सहा न पडण्याची शक्यता सहात पाच. सलग दहा वेळा सहा न पडण्याची शक्यता काढली तर ती साधारण १६ टक्के येते. म्हणजे सहातल्या एका माणसाला दहा पाळ्या नुसतं बघत बसावं लागणार. चौघांच्या खेळात असा निदान एक तरी कमनशिबी असण्याची शक्यता निघते जवळपास ५० टक्के! दर दोन डावांत एकदा कुणीतरी दहा पाळ्या रिकामा बसणार, हे या नियमातच आहे. घरी तो माणूस चिडतो, बाकीचे हसतात, कुणीतरी म्हणतं, ‘बरं जा, काढ एक सोंगटी.’ मोबाईलवर तो काय करतो? ॲप बंद करतो. आणि त्याआधी ‘हे ॲप चीटिंग करतं’ असा एक स्टार देऊन जातो.

म्हणजे फासा अगदी प्रामाणिक असला तरी माणसाला तो प्रामाणिक वाटत नाही. खेळ बनवणाऱ्यांची ही मोठी डोकेदुखी आहे. तिच्यावर जगात सगळ्यात जास्त डोकं कुणी चालवलं हे बघायचं तर लुडो सोडून थोडं लांब जावं लागेल.

डंजन्स अँड ड्रॅगन्स: जिथे नियम एका माणसाच्या डोक्यात असतात

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ बघितली असेल तर तळघरात टेबलाभोवती बसून राक्षसांची गोष्ट खेळणारी ती चार पोरं आठवत असतील. तोच हा खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत तो छापला. यात प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. एक जण ‘डंजन मास्टर’ होतो. तो गोष्ट सांगतो, राक्षस चालवतो आणि निवाडा करतो. ‘मी उडी मारून छपरावर जातो’ असं खेळाडूने म्हटलं की मास्टर ठरवतो की हे किती अवघड आहे. मग वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या कौशल्याचे गुण मिळवायचे, मास्टरने ठरवलेला आकडा गाठला तर जमलं.

हा मास्टर म्हणजे थोडा अंपायर आणि थोडा गोंधळी. आपल्याकडे जागरण-गोंधळात आख्यान सांगणारा समोर कोण बसलंय ते बघून गोष्ट लांबवतो, मध्येच यजमानाचं नाव गुंफतो, पोरं पेंगायला लागली की विनोद पेरतो. डंजन मास्टरही तेच करतो. खेळाडू म्हणाला, ‘किल्ल्याच्या पहारेकऱ्यासमोर मी एक उस्मानाबादी शेळी सोडतो, तो तिच्यामागे पळेल.’ नियमांच्या पुस्तकात शेळीबद्दल काहीही नाही. पण मास्टर हसतो आणि म्हणतो, ‘टाक फासा.’

कॉम्प्युटरला ही शेळी कळत नाही. जे बनवणाऱ्याने आधी लिहून ठेवलं नाही, ते तिथे घडू शकत नाही. म्हणून या खेळाचे व्हिडिओ गेम १९८० च्या दशकापासून येत असले तरी प्रत्येकाला नियम वाकवावे लागले. १९९८ चा ‘बाल्डर्स गेट’ बघा. टेबलावर आळीपाळीने चाली होतात. त्या गेममध्ये लढाई थेट, एकाच वेळी सुरू राहायची आणि विचार करायचा असेल तर खेळाडूने ‘पॉज’ दाबायचं. त्या काळात थेट चालणाऱ्या लढाईचे गेम गाजत होते.

सगळ्यात चांगलं उदाहरण मात्र ‘बाल्डर्स गेट ३’. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजने ऑगस्ट २०२३ मध्ये तो आणला. त्यांनी पुन्हा आळीपाळीचा खेळ आणला, पुस्तकातले नियम बऱ्यापैकी पाळले. तरीही जागोजागी बदल केले आणि प्रत्येक बदलामागचं कारण शोधायला मजा येते.

विश्रांतीचं घ्या. टेबलावर आठ तास झोपलं की पात्राची जादू आणि ताकद भरून येते. मग खेळाडू प्रत्येक लढाईनंतर झोपत का नाहीत? कारण मास्टर म्हणतो, ‘झोपा खुशाल, तोवर दरोडेखोर राजकन्येला घेऊन निघून जातील.’ व्हिडिओ गेममध्ये हे प्रत्येक वेळी कोण सांगणार? म्हणून तिथे झोपायला शिधा लागतो, ४० युनिट. दिवसभर कपाटं-पिंपं उघडून सफरचंदं आणि पाव गोळा करायचे, तर रात्री झोप. मास्टरच्या एका वाक्याची जागा किराणा मालाने घेतली.

दुसरं, औषध. २०१४ च्या पुस्तकानुसार लढाईत औषधाची बाटली प्यायची तर तुमची मुख्य चाल खर्ची पडते. म्हणजे तुम्ही औषध प्यायलात तर त्या पाळीत तलवार चालवता येत नाही. अनेक टेबलांवर मास्टर लोक स्वतःच ढील द्यायचे. लॅरियनने ही ढील गेमचा नियमच करून टाकली. औषध छोट्या चालीत, मुख्य चाल मोकळी. समोरच्याला ढकलणंही त्यांनी छोट्या चालीत आणलं. त्यामुळे कड्याच्या टोकावर उभ्या शत्रूला ढकलून देणं हा तिथला आवडता उद्योग झाला. टेबलावर त्यासाठी एक वार सोडावा लागायचा.

तिसरं, विसाचा फासा. पुस्तकात हल्ला करताना २० पडले की वार लागतोच आणि १ पडला की हुकतोच. पण कुलूप उघडणं, कुणाला पटवणं, भिंत चढणं अशा कामांना हा नियम लागू नव्हता. गेममध्ये तो सगळीकडे लागू झाला. कितीही पट्टीचा चोर असला तरी १ पडला की कुलूप उघडत नाही, म्हणजे विसात एकदा हमखास फजिती. नियम म्हणून हे तितकं शहाणपणाचं नाही, असं माझं मत. पण स्क्रीनवर फासा गरगर फिरतो आणि २० वर थांबतो तेव्हा जो जल्लोष होतो, त्यासाठी हा नियम आहे. तो बघणाऱ्यासाठी आहे.

थांबा, इथे एक गोष्ट लक्षात आली का? कॉम्प्युटरला फासा लागतच नाही. आकडा आतल्या आत निघतो. तरी बाल्डर्स गेट फासा फिरवून दाखवतो आणि लुडोचं ॲपही फाशाचा खडखडाट ऐकवतं. आपला विश्वास बसावा म्हणून.

आणि विश्वासाच्या प्रश्नावर लॅरियनने काय केलं? ‘कार्मिक डाइस’, म्हणजे कर्माचे फासे, अशी एक सोय ठेवली. ती चालू असेल तर सलग वाईट दानं पडत राहणार नाहीत याची काळजी गेम घेतो. आणि ती आधीपासून चालूच असते, नको असेल तर सेटिंगमध्ये जाऊन बंद करायची. ‘बरं जा, काढ एक सोंगटी’ म्हणणारी आत्या त्यांनी प्रोग्रॅममध्ये बसवली म्हणा ना. फरक एवढाच, की आत्याने दया दाखवली तर ती सगळ्यांना दिसते.

एका गोष्टीपुढे मात्र त्यांनाही थांबावं लागलं. पुस्तकात पात्र २० व्या पातळीपर्यंत चढू शकतं, गेम १२ वर संपतो. कारण त्यापुढे ‘विश’सारखे मंत्र येतात, ज्यात खेळाडू कोणतीही इच्छा मागू शकतो. कोणतीही म्हणजे कोणतीही. हे फक्त समोर बसलेला माणूसच निभावू शकतो.

आता उलटा प्रवास बघा. २०२४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सचं सुधारित पुस्तक आलं. त्यात औषध पिणं छोट्या चालीत आलं. टेबलावरची सवय गेममध्ये गेली, गेममधून लाखो लोकांना लागली आणि शेवटी पुस्तकात छापली गेली. लुडोत ‘मारलं की जादा पाळी’ घराघरात पक्की झाली, त्यातलाच हा प्रकार. फक्त त्यांच्याकडे पुस्तक आहे, त्यामुळे कोणता नियम कधी बदलला ते दाखवता येतं. आपल्याकडे कळंबचा अष्टचंग आणि परंड्याचा अष्टचंग यात काय फरक होता, हे खेळणाऱ्यांच्या डोक्यातच आहे.

बुद्धिबळाचं काय?

त्याचे नियम तर जगभर एकच, ते कसे बदलतील? बदललेत, फक्त बारीक. पटावर मोहऱ्याला हात लावला की तेच हलवावं लागतं. मोबाईलवर उचलून परत ठेवता येतं. पटावर नियमबाह्य चाल होऊ शकते आणि तिला शिक्षा आहे, स्क्रीनवर ती होतच नाही. समोरच्याची चाल व्हायच्या आधीच आपली चाल लावून ठेवता येते, हे तर पटावर शक्यच नाही. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकल्यावर आपल्याकडे कितीतरी मुलांनी मोबाईलवर बुद्धिबळ सुरू केलं असेल. ती मुलं पहिल्या खऱ्या स्पर्धेला जातात तेव्हा पहिला झटका बसतो तो ‘हात लावलास, आता हलव’ याचाच.

आणि मग पैसा आला

इथपर्यंत नियम बदलण्याची कारणं साधी होती. समजायला सोपं करायचं, वेळ वाचवायचा, कुणी कंटाळू नये. लुडोत पैसे लागायला लागले तेव्हा नवीन कारण आलं, कायदा.

आपल्याकडे जुगारबंदीचा कायदा इंग्रजांच्या काळापासून आहे. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. पण त्यातून कौशल्याचे खेळ वगळलेले. १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं आणि पुढे ऑनलाइन रमीवाल्यांनी हीच ढाल वापरली. आता प्रश्न आला लुडोचा. फाशावर चालणारा खेळ कौशल्याचा कसा म्हणायचा?

२०२१ मध्ये हा प्रश्न मुंबई हायकोर्टात पोचला. मनसेच्या एका पदाधिकाऱ्याने ‘लुडो सुप्रीम’ या ॲपविरुद्ध याचिका केली. आधी दंडाधिकारी न्यायालयात दाद मिळाली नव्हती. याचिकेत हिशेब मांडला होता: चौघांनी पाच-पाच रुपये लावायचे, जिंकणाऱ्याला १७ रुपये आणि ॲपला ३. लुडो नशिबाचा खेळ आहे, म्हणून हा जुगार आहे, असं म्हणणं होतं.

आणि या ॲपमधला लुडो बघितला तर तो आपल्या ओळखीचा लुडो राहिलेलाच नव्हता. सहा पडायची वाट बघणं नाही, सोंगट्या सुरुवातीपासून वाटेवर. चारही सोंगट्या घरी नेण्याची अट नाही. ठरलेली मिनिटं संपली की ज्याचे पॉइंट जास्त तो जिंकला. प्रत्येक घर पुढे गेल्याचा पॉइंट आणि सोंगटी मेली की तिचे पॉइंट गेले. झुपी या त्याच कंपनीच्या ‘लुडो निंजा’त तर फासाच नव्हता. पुढे कोणते आकडे येणार ते खेळाडूला आधीच दिसायचे आणि चालींची संख्या ठरलेली. नशीब जितकं कमी, तितका ‘कौशल्याचा खेळ’ असल्याचा दावा भक्कम. सारीपाटातून इंग्रजांनी कौशल्य कमी केलं होतं, ते असं वेगळ्याच वाटेने परत आलं. भिडू मात्र परत आला नाही. पाच रुपये लावणाऱ्याला भिडू परवडत नाही.

या वादात कोण बरोबर होतं, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण पटावर बसलेल्याला एक गोष्ट दिसते, ती ॲपवर दिसत नाही. मामा सलग पाच डाव हरले की आई पट गुंडाळते. ॲपमध्ये पट गुंडाळणारं कुणी नसतं. उलट पुढच्या डावाचं बटण लगेच समोर येतं. ऑनलाइन रमीच्या कर्जात घरंच्या घरं उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या २०२५ मध्ये राज्यभरातून येत होत्या, धाराशिव जिल्ह्यातूनही आल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये विधान परिषदेत तेव्हाच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाईलवर रमी दिसल्याचा व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं. ज्या राज्यात विधिमंडळात बसलेल्या माणसाच्या फोनवर ही जाहिरात पोचते, तिथे भूम-परंड्याच्या कट्ट्यावरच्या पोराला ती गाठणार नाही असं कसं होईल?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. त्याने कौशल्य की नशीब हा वादच बाजूला ठेवला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ म्हटला की तो बंद, मग त्यात फासा असो वा नसो. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. ई-स्पोर्ट्स आणि पैशाविना खेळायचे साधे गेम चालू राहू शकतात. म्हणजे तुमच्या घरचा लुडो किंगचा डाव सुरक्षित आहे, घाबरू नका.

झुपीनेही पैशांचे डाव बंद केले आणि फुकटचे चालू ठेवले. फुकटच्या त्या लुडोत घड्याळ आहे, पॉइंट आहेत, सोंगट्या आधीच बाहेर आहेत. पैशाच्या डावासाठी बनवलेले नियम पैसा गेल्यावरही तसेच आहेत आणि आज पहिल्यांदाच लुडो उघडणारं एखादं पोर त्यालाच लुडो समजून खेळायला लागलंय.